हवाई पाहणी कोणासाठी? मंत्री महोदयांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातल्या सभेत आपण शब्द दिला होता की, पुन्हा भूकंप झाला तर विमान आणि ड्रोन लगेच उडतील, पडलेल्या घरांचा नकाशा काही तासांत बचाव पथकाला मिळेल. माहिती अधिकारात विचारले, तर परवा उत्तर आले : ‘याबाबत कोणतेही नियोजन अभिलेखावर नाही.’

मी ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारी भागातला भूकंपग्रस्त. आमचे घर आतल्या गल्लीत. मदत पोचली ती आधी रस्त्यालगतच्या घरांना. जवानांना दोष देत नाही, आत काय पडले आहे हे त्यांना सांगणार कोण? दगडमातीचे माळवद, म्हणजे घराचे सपाट छत, बसले की खाली पोकळी उरत नाही, माणूस गुदमरतो. माझी आई तशीच गेली. तिच्या नाकातोंडातली माती मी या बोटांनी काढली आहे.

हैतीत १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला. दीड आठवड्यात विमानातून कॅमेरा आणि लेझरने मोजणी झाली, देशोदेशीच्या शेकडो तज्ज्ञांनी ते फोटो पाहून पडकी घरे टिपली. अडकलेल्यांसाठी तेही उशिराच! त्याला किती वर्षे झाली?

आणि नुसता फोटो आमच्याकडे पुरणार नाही. माळवद उभे असो वा पडलेले, वरून मातीच दिसते. उंची मोजावी लागते. काल दहा फुटांवर असलेले छत आज चार फुटांवर आले, म्हणजे तिथे खणा. कालची उंची कुठून आणायची म्हणाल, तर स्वामित्व योजनेत गावठाणे ड्रोनने मोजलीच आहेत ना? मिळकत पत्रिकेसाठी घर सापडते, मग त्याच घरातला माणूस का सापडू नये?

हिंगोलीकडे २०२४ मध्ये दोनदा ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. तरी फाइल हलत नाही. पूर असो, दुष्काळ असो, मंत्र्यांच्या ‘हवाई पाहणी’ला हेलिकॉप्टर हजर असते. खाली लोक ढिगारे उपसत असतात आणि वरून फक्त नेते बघून जातात. हीच तुमची व्यवस्था. आमचे मेलेले मोजते, पंचनामे करते, धनादेश वाटते. जिवंत माणूस शोधायची वेळ आली की हुकूम कोणी द्यायचा हेच तिला ठाऊक नसते.

मला समिती नको, सांत्वन नको. विमान कोणाचे, उडवायचा अधिकार कोणाला आणि नकाशा तहसीलदाराच्या हातात किती तासांत पडणार, एवढे लेखी द्या.

आपला,
एक भूकंपग्रस्त