विग पहिल्या केमोआधी बघा

मा. संपादक,

केसदानाच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात, कापलेल्या वेणीसह फोटोही असतो. ते स्वागतार्हच आहे. पण कॅन्सरच्या उपचारात केस गेलेल्या ज्या बाईच्या डोक्यावर त्या केसांचा विग जायचा, तिने तो कधी घ्यावा, कसा पारखावा, कसा धुवावा याबद्दल मराठीत फारसे काही छापून येत नाही. मग केस गेल्यावर, खचलेल्या मनाने, दिसेल त्या दुकानातून विग आणला जातो आणि आठवड्याभरात कपाटात जातो. म्हणून हे पत्र.

केमोच्या सगळ्याच औषधांनी केस जात नाहीत. डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल यांनी बहुतेकींचे जातात. टॅमॉक्सिफेन या हार्मोन-उपचाराच्या गोळीने झाले तर विरळ होतात. रेडिएशनने जिथे किरण दिले तेवढ्याच जागेचे जातात. तेव्हा आधी डॉक्टरांनाच स्पष्ट विचारावे. केस जाणार असतील तर पहिल्या केमोनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांत उशीवर दिसू लागतात. त्याच्या थोडे आधी डोके हुळहुळते, विंचरताना दुखते. विग बघायला जायचे ते पहिल्या केमोच्या आधी. तेव्हा अंगात ताकद असते, आणि आपला भांग कुठून पडतो, कपाळावर केस किती येतात, रंग कोणता, हे दुकानदाराला डोळ्यांनी दिसते. भर उजेडात काढलेला एक फोटो आणि दोऱ्याने बांधलेली एक बट जपून ठेवावी.

रंगाची चूक सर्रास होते. आपले केस आपण काळे म्हणतो, पण विगच्या रंगपट्टीवर ते बहुधा ‘१ बी’ किंवा ‘२’ असतात. ‘१’ म्हणजे काळाकुट्ट. उपचारात चेहरा फिकटतो, त्यावर तो रंग रंगवल्यासारखा दिसतो. ट्यूबलाइटखाली ठरवू नये, विग घेऊन दुकानाच्या दारात यावे. दुसरी चूक दाटपणाची. नवा विग बहुतेकदा गरजेपेक्षा दाट असतो. तो डोक्यावर ठेवूनच जाणत्या हाताकडून विरळ करून घ्यावा. थोडे थोडेच कापावे. हे केस पुन्हा वाढणार नाहीत.

आतून विग उलटा करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. साध्या विगमध्ये इलॅस्टिकवर केसांच्या पट्ट्या मशीनने शिवलेल्या असतात. त्यात हवा खेळते, किंमतही कमी, पण उघड्या डोक्याला शिवण टोचते आणि भांगाच्या जागी पट्टी दिसते. भांगापुरती तरी बारीक जाळी असेल आणि तिच्यात एकेक केस हाताने गाठवलेला असेल, तर खालची त्वचा दिसते आणि भांग खरा वाटतो. बजेट बेताचे असेल तर पैसा या जाळीवर घालावा, लांबीवर नव्हे. नाटकाचा टोप कामाचा नाही; तो तीन तासांच्या प्रयोगासाठी, दुरून दिसण्यासाठी बांधलेला असतो. ‘हेअर बॉन्डिंग’, ‘पॅच’ वगैरे डिंकाने किंवा टेपने चिकटवण्याचे प्रकार उपचार चालू असताना पूर्ण टाळावेत. त्वचा नाजूक झालेली असते, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, आणि सोलपटलेल्या जागेतून जंतुसंसर्ग होऊ शकतो. याच कारणाने उरलेले केस वस्तऱ्याने काढू नयेत, ट्रिमर फिरवावा.

माप असे घ्यावे: टेप कपाळावरच्या केसांच्या रेषेपासून, कानांच्या वरून, मागे मानेच्या खळग्यापर्यंत आणून परत पुढे. मोठ्या बायकांचा घेर बहुधा ५४ ते ५७ सेंटीमीटर भरतो. केस गेल्यावर तो सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरने उतरतो, दाट केस असतील तर जास्तही. त्यासाठी मागे मानेजवळ आवळायच्या पट्ट्या हव्यातच, आणि केस गेल्यावर एकदा पुन्हा फिटिंग करून देण्याचे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे. घालताना पुढची कड भुवयांच्या वर चार बोटे, आणि दोन्ही बाजूंच्या कानशिलावरच्या टोकदार पट्ट्या कानांपुढे सारख्या अंतरावर. लोकलच्या गर्दीत सरकेल अशी धास्ती वाटते, त्यावर कपाळाभोवती बांधायची मखमली पट्टी हा चांगला उपाय. पिना नकोत.

सिंथेटिक की खरे केस? आमचे मत स्पष्ट आहे: सहा-आठ महिन्यांच्या उपचारासाठी बहुतेकींना चांगल्या जाळीचा सिंथेटिक पुरतो. तो हलका असतो, धुतल्यावर आपोआप पहिल्या आकारात येतो, आणि खऱ्या केसांच्या विगची किंमत त्याच्या कित्येक पट असते. त्याचा शत्रू उष्णता. कुकरची शिट्टी, कढईची वाफ, ओव्हनचे उघडलेले दार, ओवाळताना जवळ आलेले निरांजन, यांतल्या एकाने टोके आक्रसून खरखरीत होतात, कारण धागा वितळलेला असतो. तो दुरुस्त होत नाही. स्वयंपाकघरात विग काढून सुती टोपी घालावी. लांब विगची टोके पदराला, कॉलरला घासून मानेपाशी सर्वांत आधी गुंततात, म्हणून लांबी खांद्याच्या वरच ठेवावी.

खऱ्या केसांच्या विगमध्ये फसवणूक होते ती खवल्यांची. केसावर मुळाकडून टोकाकडे माशासारखे बारीक खवले असतात. सगळे केस एका दिशेने लावले असतील तर विग गुंतत नाही. उलटसुलट केस गोळा केलेले असतील तर खवले आम्लाने काढून वर सिलिकॉन चढवतात. दुकानात तो रेशमासारखा लागतो, काही धुण्यांत सिलिकॉन उतरते आणि गाठी पडतात. चिमटीत बट धरून टोकाकडून मुळाकडे बोटे फिरवावीत. किंचित खरखर जाणवली तर खवले शाबूत आहेत. केसदान करणाऱ्यांनीही हेच ध्यानात घ्यावे: केस कोरडे हवेत, कापण्याआधीच रबरबँडने बांधलेले हवेत. लांबी निदान १२ इंच बहुतेक ठिकाणी मागतात. जमिनीवरून गोळा केलेले केस अशा विगला चालत नाहीत.

मुंबईच्या घामात सहा-आठ वेळा घातला की विग धुवावा. आत सुती टोपी घातली आणि ती रोज बदलली तर थोडा उशीर चालतो. आधी गुंता सोडवावा, मोठ्या दातांच्या फणीने, टोकांपासून वर. बादलीत गार पाणी, त्यात झाकणभर सौम्य शॅम्पू. पाच मिनिटे बुडवून वरखाली हलवावा. चोळू नये, पिळू नये. कंडिशनर फक्त टोकांना; जाळीवरच्या गाठींना लावला तर केस निसटतात. पंच्यात दाबून पाणी टिपावे. ओला सिंथेटिक विंचरू नये. उन्हात नको, ड्रायर नको. स्टँड नसेल तर पाण्याच्या रिकाम्या बाटलीवर, पंख्याखाली ठेवावा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहून परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांनाही एवढे जमते. पावसाळ्यात वाळायला दीड दिवस धरावा. आतून दमट विग घातला तर डोक्यावर पुरळ उठते. खोबरेल तेल विगला लावू नये.

विग घालायलाच हवा असे मुळीच नाही. सुती रुमालात किंवा ओढणीत बरे वाटत असेल तर तेच उत्तम. रेडिएशन डोक्याला असेल तर त्वचेची लाली जाईपर्यंत तसेही मऊ सुतीच वापरावे.

केमो देणाऱ्या रुग्णालयांना आमची एकच विनंती आहे: पहिल्या भेटीत देण्याच्या कागदावर विगची अर्धी बाजू मराठीत छापावी आणि डे-केअरच्या, म्हणजे केमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात त्या खोलीत मापाची एक टेप ठेवावी.

केमो संपल्यावर एक ते तीन महिन्यांत केस यायला लागतात, महिन्याला साधारण सेंटीमीटरभर. मग विग दुसरीला देताना धुऊन, पूर्ण वाळवून, जाळीत गुंडाळून द्यावा. सोबत चिठ्ठी असावी: सिंथेटिक की खरे केस, घेर किती, किती महिने वापरला.

– विग बांधणी व दुरुस्तीचे काम करणारे काही कारागीर, मुंबई