न झालेल्या बैठकीतला माझा ठराव: मा. आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: रुग्ण कल्याण समित्यांमधील अशासकीय सदस्यांबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. एसटीत वाहक म्हणून नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या कारभारावर आणि निधीवर लक्ष ठेवणाऱ्या रुग्ण कल्याण समितीवर अशासकीय सदस्य म्हणून काम करत आलो. या कामाला मानधन नसतं आणि मी ते कधी मागितलंही नाही. रुग्णालयाचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर रात्रपाळीला एकटीने वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरवर राग निघेल आणि ज्यांना जाब विचारायला हवा ते नामानिराळे राहतील.

गेल्या महिन्यात रुग्णालयाचा शिपाई समितीचं रजिस्टर घेऊन माझ्या घरी आला. "काका, तेवढी सही करा, संध्याकाळपर्यंत जिल्ह्याला पाठवायचंय," म्हणाला. मी चष्मा लावून वाचायला बसलो. संगणकावर टाइप केलेला कागद रजिस्टरच्या पानावर डिंकाने चिकटवलेला होता. वर बैठकीची तारीख, खाली उपस्थितांची यादी, त्यात माझं नाव. ती बैठक झालीच नव्हती. एका ठरावात प्रतीक्षा कक्षासाठी पडदे, कुंड्या आणि फ्लेक्स बोर्ड घ्यायचं ठरलं होतं आणि त्याचा सूचक म्हणून माझं नाव घातलं होतं. पुढच्या पानावर मागच्या ठरावांचा आढावा होता. मी प्रत्यक्ष मांडलेला, भांडून मंजूर करून घेतलेला एकच ठराव त्यात होता: अडलेल्या बाळंतिणीसाठी बाहेरून भूलतज्ज्ञ बोलावण्याची व्यवस्था करणे. त्यासमोर लिहिलं होतं, "कार्यवाही पूर्ण".

साहेब, त्याच्या थोडेच दिवस आधी माझी लेक त्याच रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात होती. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. दवाखाना सरकारीच धरायचा हा आग्रह माझा. मी समितीवर आहे आणि माझीच मुलगी खासगीत नेली तर गावाला काय तोंड दाखवू, असं मी घरात म्हणालो होतो. रात्री कळा वाढल्या, बाळाचे ठोके कमी होऊ लागले. डॉक्टर तरुण होते, जीव तोडून धावपळ करत होते. सिझर करावं लागेल म्हणाले. शस्त्रक्रियागृह आहे, टेबल आहे, दिवे आहेत. भूल द्यायला माणूस नाही, कारण पद रिक्त आहे. तालुक्यात एक खासगी भूलतज्ज्ञ राहतात. त्यांना फोन करा म्हटलं, तर डॉक्टरांनी मान खाली घातली. त्यांना देण्याच्या पैशाला वरून मंजुरी मिळालेली नव्हती.

मग 108 आली आणि आम्ही जिल्ह्याच्या रस्त्याला लागलो. तो रस्ता मला पाठ आहे, आयुष्य गेलं माझं त्या रस्त्यावर. प्रत्येक खड्डा कुठे येणार हे मला आधी कळत होतं आणि प्रत्येक खड्ड्याला माझी पोर ओरडत होती. तिची आई तिचा हात धरून देवाचं नाव घेत होती. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो आणि मागे वळून बघायची माझी हिंमत होत नव्हती. जिल्ह्याला सिझर झालं. बाळ रडलं नाही. नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात काचेच्या पेटीत ठेवलं. आज ते घरी आहे, दूध पितं आहे. पण त्याला पुढे काही त्रास राहील का, हे डॉक्टर अजून छातीठोकपणे सांगत नाहीत. माझी लेक झोपेतून दचकून उठते आणि आधी बाळाच्या नाकाशी बोट धरून बघते.

आणि तुमच्या कागदावर कार्यवाही पूर्ण झालेली आहे.

मी सही केली नाही. लेखी तक्रार वैद्यकीय अधीक्षकांना दिली, जिल्ह्याला दिली, सरकारी पोर्टलवर टाकली. पोर्टलवरची तक्रार चौकशीसाठी आली ती त्याच अधीक्षकांकडे. ज्यांच्याबद्दल तक्रार, त्यांचाच अभिप्राय, आणि शेवटी "तक्रार निकाली". पुढे समितीचं पुनर्गठन झालं. नव्या यादीत माझं नाव नाही. पत्र नाही, कारण नाही. ते मला चहाच्या टपरीवर कळलं. माझ्या जागी आले आहेत ते गृहस्थ रुग्णालयात उपचाराला कधी पाऊल टाकत नाहीत. त्यांच्या घरचं साधं दुखणंसुद्धा लातूरला किंवा सोलापूरला जातं.

ही समिती म्हणजे चार माणसांनी हौसेने चालवलेलं मंडळ नव्हे. संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खाली नोंदलेली ती संस्था आहे. तिचं बँकेत खातं असतं, त्यात सरकारी पैसा येतो. न झालेल्या बैठकीचं इतिवृत्त लिहिणं याला कायद्यात काय म्हणतात ते तुमचा विधी विभाग तुम्हाला सांगेल. मी वाहक होतो तेव्हा हिशेबात एक रुपया कमी भरला तर तो माझ्या पगारातून कापला जायचा आणि वर मेमो मिळायचा. इथे खोटी बैठक लिहिणाऱ्याला कसला मेमो मिळाला?

या समित्यांचा उगम तुम्हाला माहीत असेलच, तरी लिहितो. 1994 साली सुरतेत प्लेगची घबराट पसरली, तेव्हा इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाची घाण आणि उंदीर काढायला प्रशासन आणि शहरातली माणसं एकत्र आली. त्यातून रोगी कल्याण समितीची कल्पना निघाली. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि ती देशभर गेली. सरकारी दवाखान्याच्या कारभारात, ज्यांना तिथे झोपावं लागतं त्या माणसांचा शब्द चालावा, एवढाच त्यामागचा हेतू.

तो शब्द चालतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. 2007 साली महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचा उस्मानाबाद, हे पाच जिल्हे पहिल्यांदा घेतले होते. मी तेव्हा उस्मानाबादच्या रस्त्यांवर ड्यूटी करत होतो. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात जनसुनावणी होती, म्हणून गाडीतल्या निम्म्या बाया तिथे उतरल्या. परतीच्या फेरीला वेळ होता, मीही जाऊन मागे उभा राहिलो. गावागावाने आपल्या आरोग्यसेवेचं प्रगतीपुस्तक रंगवून आणलं होतं: चांगल्याला हिरवा, मधल्याला पिवळा, वाईटाला लाल. एक म्हातारी उठली. नातसुनेच्या बाळंतपणाला पैसे का घेतले, असं तिने माईकवर विचारलं. समोर खुर्चीत जिल्ह्याचे अधिकारी बसले होते. त्यांना सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागलं, आणि पैसे परत करू असं कबूल करावं लागलं. त्या म्हातारीला अक्षरओळख नव्हती. तिला कुठल्या समितीचा ठराव लागला नाही, तिच्यामागे बसलेलं गाव पुरलं. आमच्या तालुक्यात अशी एक जनसुनावणी कुणी घेऊन दाखवावी.

आता पैशाचं बोलतो. ग्रामीण रुग्णालयाला वर्षाचा अबंधित निधी, म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे खर्चायचा पैसा, पाच लाख रुपये, प्राथमिक आरोग्य केंद्राला एक लाख पंचाहत्तर हजार. तुमच्याच निकषाने सपाट भागातल्या प्राथमिक केंद्रामागे तीस हजार लोक आणि ग्रामीण रुग्णालयामागे एक लाख वीस हजार. भागाकार करून बघा. प्राथमिक केंद्रात माणशी वर्षाला सहा रुपयेसुद्धा येत नाहीत, ग्रामीण रुग्णालयात चार रुपयांच्या आसपास. 15 ऑगस्ट 2023 पासून तुमच्या खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. फार चांगलं झालं, गरिबापुढची केसपेपरच्या दहा रुपयांची आडकाठी गेली. पण समितीकडे शुल्काचे जे थोडेफार पैसे जमायचे तेही थांबले, आणि त्यांच्या जागी काय येणार हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. निधी आमच्याकडे पोहोचतो तोवर मार्चअखेर आलेला असतो. मग घाईघाईत पडदे आणि कुंड्या घेतल्या जातात, कारण त्यांचं बिल लगेच निघतं. भूलतज्ज्ञाला केसप्रमाणे पैसे द्यायचे म्हटलं की मंजुरी, टिपणी, स्पष्टीकरण सगळं आठवतं.

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की राज्यांनी 2020 पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून जास्त हिस्सा आरोग्याला द्यावा. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही. श्रीमंत राज्य, प्रगत राज्य, शाहू, फुले, आंबेडकरांचं राज्य अशी भाषणं आम्ही ऐकतो, आणि आमच्या लेकी रात्री 108 मध्ये विव्हळत असतात.

समितीवर बसायला माणसं मिळत नाहीत, अशी तुमच्या अधिकाऱ्यांची तक्रार असते. कशी मिळतील? बैठक सकाळी अकराला, सोयाबीनच्या काढणीत. शेतमजूर बाई आली तर तिचा रोज बुडतो, गाडीभाडं पदरचं. येऊन बसावं तर "साहेब व्हीसीमध्ये (व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये) आहेत". दुपारी दोनला साहेब येतात, दहा मिनिटांत विषयपत्रिका वाचून संपते, चहा येतो, सह्या होतात. आमच्या समितीत एक आशाताई यायच्या. बाळंतिणींच्या जेवणाचा ठेकेदार पातळ वरण देतो असं त्यांनी एकदा सांगितलं. ते इतिवृत्तात आलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या कामाच्या मोबदल्यात त्रुटी निघू लागल्या आणि त्या बैठकीत गप्प बसायला शिकल्या.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मात्र आम्ही तुम्हाला चाललो. 2021 च्या एप्रिलमध्ये दारोदार फिरून वर्गणी काढली, सिलिंडर आणले, नातेवाईकांसाठी पिठलं-भाकरी शिजवली, ज्यांच्या घरचे यायला घाबरले त्यांची प्रेतं उचलली. तेव्हा कुणी मला विचारलं नाही की काका, तुमचं नाव यादीत आहे का. तुम्हाला आमचं श्रमदान हवं असतं, वर्गणी हवी असते, फोटोत आमचे चेहरे हवे असतात. हिशेब विचारला की आम्ही नको होतो.

आणि हे फक्त दवाखान्याचं नाही. शाळा व्यवस्थापन समिती, वनहक्क समिती, पाणीवापर संस्था, ग्राम आरोग्य व पोषण समिती, सगळीकडे हीच तऱ्हा. 73 व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यायचे विषय लिहिले. त्यात तेविसावा विषय आरोग्य आणि स्वच्छता, आणि रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे, दवाखाने असं स्पष्ट लिहिलं आहे. 2022 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तिथे प्रशासक बसले. निवडून आलेला माणूस नव्हता आणि नेमलेला माणूस सही करण्यापुरता. मग प्रश्न विचारायचा कुणी?

प्रश्न विचारणारं कुणी नसलं की काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बाळं गेली. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस माणसं गेली, त्यातली बारा नवजात. नांदेडचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं आहे, तुमच्या खात्याचं नाही, हे मला कळतं. मेलेल्यांच्या आयांना कळत नाही. तिथे त्यानंतर एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं आणि देशभर ते चित्र दाखवलं गेलं. याला लोकांची देखरेख म्हणत नाहीत. देखरेख म्हणजे आधीच्या प्रत्येक महिन्यात कुणीतरी साध्या माणसाने विचारायचं की औषधसाठा किती आहे, बाळांना ऊब देणारे वॉर्मर किती चालू आहेत, फायर ऑडिट कधी झालं, आणि त्याला लेखी उत्तर मिळायचं.

मला हवं आहे ते फार मोठं नाही. समितीवरचे लोक ग्रामसभांनी निवडून पाठवावेत, पालकमंत्र्यांच्या कार्यालयातून यादी येऊ नये. बैठकीची तारीख आठ दिवस आधी ओपीडीच्या दारावर लागावी आणि इतिवृत्त व खर्च त्याच जागी लागावा, रुग्णाला वाचता येईल अशा अक्षरात. जो सदस्य मजुरीवर जातो त्याला त्या दिवसाचा रोज मिळावा. ठराव अमलात आला नाही तर का आला नाही हे अधीक्षकांनी लेखी द्यावं. आणि मला समितीवर परत घ्या असं मी म्हणत नाही. मला का काढलं ते कळवा.

"आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठविण्यात आले आहे" असं उत्तर कृपा करून पाठवू नका. संबंधित कोण आहेत ते मला माहीत आहे. आमच्या तालुक्यात आज रात्रीसुद्धा कुणाची तरी लेक अडलेली असेल. तिला भूल द्यायला माणूस कोणत्या तारखेपासून असेल, तेवढी तारीख कळवा.

आपला,
ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीचा माजी अशासकीय सदस्य