सनाहिनचा मठ आणि मिकोयानचे घर

अलावेर्दी, आर्मेनिया
5 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

येरेवानपासून सुमारे 170 किलोमीटर उत्तरेला, देबेद नदीच्या खोल दरीत वसलेल्या या गावी मी परवा सुखरूप पोहोचले. तांब्याच्या कारखान्याभोवती वाढलेले हे गाव दिसायला काही विशेष नाही. पण दरीच्या वर, पठारावर सनाहिन आणि हाघपात ही दोन खेडी आहेत आणि तिथल्या मठांसाठीच मी इतक्या लांब आले. दोन्ही मठ दहाव्या शतकातले, सनाहिन 966 चा आणि हाघपात 976 चा असे सांगतात. आर्मेनियाचा राजा अशोत तिसरा याची राणी खोस्रोवानुश हिने ते उभारवले. हाघपातच्या मुख्य चर्चच्या पूर्वेकडच्या भिंतीवर उंचावर तिचे दोन मुलगे, स्म्बात आणि गुर्गेन, चर्चची छोटी दगडी प्रतिकृती हातात धरून उभे आहेत.

दगड बेसाल्टच, म्हणजे आपल्याकडचा काळा पाषाणच म्हणा ना! त्यामुळे पहिल्याच क्षणी मला सिन्नरचे गोंदेश्वराचे देऊळ आठवले. चर्चला जोडून जो मोठा मंडप असतो त्याला इथे ‘गावित’ म्हणतात. आपल्या सभामंडपासारखेच त्याचे जाड खांब, पण छताच्या मधोमध एक झरोका असतो आणि उजेड येतो तो बहुतेक तिथूनच. फरशी म्हणजे थडग्यांचे दगड. त्यांवरून चालावेच लागते. मी सुरुवातीला पाय चुकवत होते. तेव्हा दाराशी मेणबत्त्या विकणाऱ्या आजींनी खुणेने सांगितले की बिनधास्त चाला, कारण लोकांच्या पायांखाली यावे म्हणूनच ती माणसे तिथे पुरली गेली. हाघपातच्या ग्रंथालयाच्या जमिनीत मोठमोठे रांजण गळ्यापर्यंत पुरलेले आहेत, कारण पुढे त्या खोलीचे कोठार झाले. तिथेच 1273 सालचा एक ‘खाचकार’, म्हणजे क्रूस कोरलेला शिलापट आहे. एरवी अशा शिलापटांवर क्रूस आणि वेलबुट्टी एवढेच असते, यावर मात्र क्रूसावरचा ख्रिस्तही कोरलेला आहे.

तरी मला मन लागले ते सनाहिनमध्येच. हाघपात नीटनेटके आहे, तिथे प्रवाशांच्या बसगाड्या येतात. सनाहिन शेवाळलेले, ओलसर आणि जवळजवळ रिकामे होते. तिथल्या दोन चर्चच्या मधल्या अरुंद बोळात दोन्ही बाजूंनी दगडी बाके आहेत. त्यांवर शिष्य समोरासमोर बसत आणि गुरू मधून येरझाऱ्या घालत शिकवत, असे सांगतात. मी त्या बाकावर बराच वेळ बसून राहिले.

आता खरी गोष्ट. मठातून उतारावर थोडे चालले की एका घरासमोर, अंगणात, मिग-21 हे लढाऊ विमान उभे आहे! हे मिकोयान बंधूंचे घर, आता वस्तुसंग्रहालय. थोरला अनास्तास सोव्हिएत राजकारणात वरपर्यंत गेला आणि 1905 साली इथेच जन्मलेला धाकटा आर्तेम विमाने घडवू लागला. ‘मिग’मधला ‘मि’ तो हाच. नाशिकजवळच्या ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यात तुम्ही आयुष्य घालवलेत, भोंग्यावर आपले घर चालले, पण हे नाव एका मठाच्या गावचे आहे हे मला तरी ठाऊक नव्हते. तुम्ही कधी बोललात का? गेल्या महिन्याच्या 26 तारखेला चंदीगडला हवाई दलाने मिग-21 ला निरोप दिला, तेव्हा तुम्ही टीव्हीसमोरून हलला नव्हतात असे आईने फोनवर सांगितले होते. इथले विमान पावसापाण्यात उभे असून मुले त्याच्या पंखाखाली खेळत होती.

ज्यांच्या घरी उतरले आहे त्या काकूंनी जेवायला लवाश, चीज आणि ‘तान’ दिले. लवाश म्हणजे जमिनीतल्या भट्टीत भाजलेली पातळ, मोठी रोटी आणि तान म्हणजे चक्क मीठ घातलेले ताक. वर तुळशीच्या नात्यातला जांभळा पाला होता. आईला सांगा, उपाशी नाही.

विमानाचे फोटो दादाच्या मोबाइलवर पाठवले आहेत. चष्मा लावून नीट बघा आणि ते मिग-21 च्या प्रकारांमधले नेमके कोणते, ते मला कळवा. वस्तुसंग्रहालयातल्या बाईंना मी ओझरबद्दल सांगितले आहे आणि त्या तुमच्या उत्तराची वाट पाहत आहेत.

आपली,
धाकटी