सूचना : गणपतीआधी शाळेत बोलून घ्या

पालकहो, गणपती जवळ आले. घरोघरी भजनं, जाखडी रंगतील. पण बायपोलर (मन कधी उन्मादात, कधी नैराश्यात जाणारा मानसिक आजार) असलेल्या आपल्या मुलांची झोप मोडू देऊ नका. जागरणाने उन्माद उसळू शकतो. आरती झाली की मुलाला झोपवा, पाहुणे काय म्हणायचं ते म्हणोत.

सुट्टीनंतर सहामाही आहे. वर्गशिक्षकांना आत्ताच भेटा, डॉक्टरांचं पत्र द्या. या आजारावरचं लिथियम हे औषध घेणाऱ्या मुलाला वर्गात पाण्याची बाटली आणि लघवीला जायची मुभा हवीच. आपल्याकडच्या दमट हवेत घाम फार जातो. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. उलट्या-जुलाब झाले तर लगेच डॉक्टरांना फोन करा.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो, सोय मागताना संकोच नको.

रात्री-अपरात्री गरज पडली तर टेली-मानस (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) : १४४१६, मोफत.