इनामगावची घरे लोकांना पाहायला मिळावीत

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

२०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि त्यांपैकी अकरा आपल्या राज्यातले आहेत, याचा मलाही अभिमान आहे. आता याच राज्यातल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या घरांकडे आपले लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पू. १६०० ते ७०० च्या सुमारास तिथे नांदलेल्या वस्तीतली शंभराहून अधिक घरे त्यात उजेडात आली. सुरुवातीच्या काळातली चौकोनी, कुडाच्या भिंतींची घरे, धान्य साठवण्याची पेवे, चुली, पाण्याचा पाट आणि त्याला लागून घातलेला बांध, असा एका गावाचा सगळा संसारच हाती लागला. पुढे पाऊसमान घटले, शेती आखडली आणि चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, असे अभ्यासक सांगतात. दुष्काळ घराचा आकारसुद्धा कसा बदलतो, हे शिरूरच्या शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

एका पाचखणी घराच्या अंगणात चार पायांचा, फुगीर पोटाचा मातीचा रांजण पुरलेला आढळला आणि त्यात पाय दुमडून बसवलेल्या पुरुषाचा सांगाडा होता. तान्ह्या मुलांना तर दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घरातल्याच जमिनीखाली पुरत. गेलेले लेकरू घराबाहेर जाऊ न देणारी ही माणसे मला कोणत्याही राजापेक्षा जवळची वाटतात.

मातीची घरे उघडी ठेवली तर दोन पावसाळेही टिकत नाहीत, म्हणून खणलेले चर बुजवावेच लागतात. त्यामुळे हौसेने गेलेल्या माणसाला दिसते ती फक्त पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचे टेकाड, आणि अशा पांढरीची माती खत म्हणून शेतात नेण्याची जुनी रीत असल्याने ती तरी किती दिवस शाबूत राहील, याची काळजी वाटते. माझी मागणी एवढीच आहे की मूळ टेकाडाला धक्का न लावता, शेजारच्या मोकळ्या जागेत, उत्खननातल्या नकाशांबरहुकूम एक चौकोनी घर, एक गोल झोपडी आणि एक पेव खऱ्या आकारात उभे करावे. ते कूड, माती आणि गवताचेच असावे. त्यात सिमेंट नको. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ते लिंपण्याचे आणि शाकारण्याचे काम गावातल्याच लोकांना द्यावे, कारण ती कला अजून त्यांच्या हातात आहे. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयातील निवडक वस्तूंच्या प्रतिकृती तिथे मांडता येतील आणि गावातल्या तरुणांना वाटाडे म्हणून तयार करता येईल.

हे जमले, तर अहिल्यानगर जिल्ह्यातील जोर्वे, दायमाबाद आणि नेवासे ही त्याच काळातली स्थळे त्याला जोडता येतील. नेवाशाला ज्ञानेश्वर माउलींच्या पैस खांबाच्या दर्शनाला भाविक येतातच. तिथल्या प्राचीन वस्तीची ओळख करून देणारा एक नीट फलक आणि चालण्याजोगी वाट एवढ्यानेही त्यांची पावले तिकडे वळतील.

येत्या अर्थसंकल्पात इनामगावसाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि आराखडा ठरवण्यापूर्वी पुरातत्त्वज्ञांसह ग्रामस्थांशीही बोलावे, ही नम्र विनंती.

आपला,
पुणे जिल्ह्यातील एक नागरिक