थकीत कर्जाच्या फायलीतले खासगी कागद झाका

मा. केंद्रीय अर्थमंत्री यांस,
सादर नमस्कार.

मी कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत वकिली करतो. कधी बँकेकडून, कधी कर्जदाराकडून. मध्यंतरी एका जामीनदाराची फाइल माझ्याकडे आली. बँकेच्या अर्जासोबत गहाणखत, हमीपत्र, सर्च रिपोर्ट (मिळकतीच्या मालकीची तपासणी), खातेउतारा होता. हे सगळं लागतंच. त्याच्या मागे जामीनदाराच्या आधार कार्डाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स, पॅन, पगाराच्या स्लिपा आणि सही केलेला रद्द चेक. आणि सगळ्यात शेवटी, कर्जदाराने हप्त्यांना मुदत मागताना शाखेत दिलेलं बायकोच्या केमोथेरपीचं डिस्चार्ज कार्ड!

थकबाकी सिद्ध करायला त्या कार्डाचा काडीचाही उपयोग नाही. ते तिथे आलं कारण शाखेतून आलेला गठ्ठा कोणीतरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्कॅन केला, पानांना आकडे टाकले आणि 'खरी प्रत' असा शिक्का मारला. बँकेचा वकील म्हणून मीही हे अनेकदा केलंय, तेव्हा बोट एकट्या बँकेकडे दाखवत नाही.

हा गठ्ठा एका जागी राहत नाही. सरफेसी, म्हणजे बँकांना तारण मिळकत ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याच्या कलम १४ खाली ताब्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे एक संच जातो. कर्जदाराने कलम १७ खाली दाद मागितली की दुसरा, अपील झालं की तिसरा, पुढे उच्च न्यायालयात रिट झाली की चौथा. प्रत्येक संचाच्या प्रती सगळ्या जामीनदारांना, त्यांच्या वकिलांना. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या भागीदारांच्या हाती एकमेकांच्या पगाराच्या स्लिपा पडतात.

आधार क्रमांक जाहीर करू नये, असं आधार कायद्याचं कलम २९ सांगतं. पहिले आठ आकडे झाकलेलं 'मास्क्ड' आधार कार्ड आधार प्राधिकरण स्वतःच देतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याकडे आशेने पाहावं, तर त्यातल्या बऱ्याच बंधनांतून कायदेशीर हक्क बजावण्यासाठी लागणारी माहिती आणि न्यायाधिकरणांचं काम वगळलेलं आहे. ही सूट समजण्यासारखी आहे. पण म्हणूनच काय झाकायचं हे दाव्याच्या कार्यपद्धतीच्या नियमांतच यायला हवं. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत २००७ पासून असा नियम आहे: खाते क्रमांकाचे फक्त शेवटचे चार आकडे, जन्मतारखेऐवजी फक्त वर्ष, अल्पवयीन मुलाच्या नावाची फक्त आद्याक्षरं दाखवायची. झाकण्याची जबाबदारी कागद दाखल करणाऱ्यावर.

हा विषय न्यायालयांचा, असं उत्तर कृपया देऊ नये. १९९३ च्या वसुली कायद्याखाली डीआरटीच्या कार्यपद्धतीचे नियम केंद्र सरकार करतं आणि ही न्यायाधिकरणं आपल्याच मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाकडे आहेत. दुरुस्ती आपल्या हातात आहे.

मला बंद लिफाफा, म्हणजे समोरच्याला न दाखवता फक्त न्यायाधीशाला कागद देण्याची पद्धत, नको आहे. त्या पद्धतीतले धोके सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये मीडियावन या वृत्तवाहिनीच्या प्रकरणात सांगितलेच आहेत. ज्याच्या विरुद्ध कागद वापरायचा, त्याला तो पूर्ण दिसलाच पाहिजे. नाहीतर खोट्या सहीचा बचाव जामीनदार घेणार कसा? मिळकतीचं वर्णन, रक्कम, व्याजाचा हिशेब, करारातल्या अटी उघड्याच राहू देत. व्याजाचा हिशेब तर 'गोपनीय' म्हणून झाकायला काही बँका एका पायावर तयार होतील, ती वाट नियमातच बंद करा. झाकायचे ते ओळख आणि खात्यांचे क्रमांक, सह्यांचे नमुने, आजारपणाचे कागद आणि दाव्यात पक्षकार नसलेल्या घरच्यांचे तपशील. वाद निघालाच, तर मूळ कागद पीठासीन अधिकाऱ्यांनी मागवावा आणि दोन्ही बाजूंना दाखवावा.

ते डिस्चार्ज कार्ड फायलीतून काढावं म्हणून मी अर्ज केला आहे. कोणत्या नियमाखाली, त्या जागी 'न्यायाधिकरणाचे अंगभूत अधिकार' असं लिहिलंय. नेमका नियम सापडत नाही तेव्हा आम्ही वकील हेच लिहितो.

आपला,
डीआरटीतला एक वकील