आमच्या देवालयाचं नाव खोडू नका

प्रति,
माननीय मंत्री, अल्पसंख्याक विकास विभाग,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी पुण्याच्या गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयाची सभासद आहे. माझा बाप्तिस्मा इथला, लग्न इथलं, आणि आईवडिलांना शेवटचा निरोपही आम्ही इथूनच दिला. गेल्या वर्षी मुलीच्या लग्नाच्या कागदांसाठी मी एका सरकारी कार्यालयात गेले होते. टेबलामागच्या माणसाने देवालयाचा दाखला वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाला, "बाई, इथे चूक झालीय. देवालय हिंदूंचं असतं. तुम्ही ख्रिश्चन ना? हे खोडून चर्च लिहून आणा." त्याच्याकडच्या यादीत आमचं नाव होतं 'पंचहौद मिशन चर्च'. दाखल्यावरचं नाव आणि यादीतलं नाव जुळत नाही, म्हणून काम अडलं. तो उद्धट नव्हता. त्याने मला बसायला खुर्ची दिली, पाणी विचारलं. तरी त्या संध्याकाळी घरी येऊन मी रडले. का रडले ते सांगायला हे पत्र लिहिते आहे.

पंचहौद हे नाव आम्हाला परकं नाही, हे आधी सांगते. तिथल्या पाच हौदांवरून पडलेलं ते जागेचं नाव. रिक्षावाल्याला आम्हीही 'पंचहौदला सोडा' असंच सांगतो. पुण्याबाहेरच्या लोकांना ते ठाऊक असतं ते 1890 च्या चहामुळे. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर मंडळींनी तिथे मिशनऱ्यांकडचा चहा घेतला, गावभर बोभाटा झाला, ग्रामण्य म्हणजे जातीचा बहिष्कार बसला, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. आजही कुणाला देवालयाचा पत्ता सांगितला की विचारतात, "ते चहाचं प्रकरण झालं तेच ना?" तेच. पण ज्यांनी चहा पिऊन प्रायश्चित्त घेतलं त्यांची नावं सगळ्यांना पाठ आहेत, आणि सव्वाशे वर्षांहून अधिक काळ त्याच आवारात दर रविवारी गुडघे टेकणाऱ्यांनी आपल्या देवळाला काय नाव दिलं, ते सरकारी यादीतही नाही.

ते नाव कुठल्या संताचं नाही, दानशूराचं नाही, गावाचंही नाही. ते येशूच्या नावाचं आहे. बाळ आठ दिवसांचं झालं तेव्हा त्याचं नाव येशू ठेवलं गेलं, आणि ते आईबापांनी निवडलेलं नव्हतं, देवदूताने आधीच सांगितलेलं होतं, अशी आमची श्रद्धा. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागायच्या आधी, क्षमा मागायच्याही आधी, देवाचं नाव पवित्र मानलं जावं असं मागणं आहे. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडतं तेही नावाने. दुखण्यात, बाळंतपणात, मरणाच्या अंथरुणावर माझ्या आजीच्या ओठांवर दुसरं काही नसे, तेच एक नाव असे. वारकऱ्यांच्या या मुलुखात नामाचा महिमा कुणाला समजावून सांगायची गरज पडू नये. नामस्मरण म्हणजे काय हे माझ्या शेजारच्या माळकरी काकूंना कळतं, म्हणून 'पवित्र नाम' म्हणजे काय तेही त्यांना एका क्षणात कळलं होतं. आम्ही दारावरची ती पाटी वाचतो तेव्हा पत्ता वाचत नाही, प्रार्थना म्हणतो.

आणि 'देवालय'. काउली फादरांनी, म्हणजे इंग्लंडहून आलेल्या अँग्लिकन संन्यासी संघाच्या पाद्र्यांनी, 1885 च्या सुमारास ही वास्तू उभी केली, पुढे शेजारी उंच घंटाघर आलं, त्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा बसल्या. घंटा परदेशातून आल्या. शब्द इथलाच राहिला. आमच्या आज्या 'चर्चला जाते' म्हणत नसत, 'देवळात जाते' म्हणत. वसईच्या कॅथलिक घरांतही तुम्हाला देऊळ हाच शब्द ऐकू येईल. मराठी ख्रिस्ती बोलीत वास्तूला देऊळ किंवा देवालय म्हणतात आणि माणसांच्या समुदायाला मंडळी. हा शब्द आम्ही कुणाकडून उसना घेतलेला नाही, तो आमच्या आईच्या भाषेतला आहे. तो खोडून 'चर्च' लिहा असं सांगताना त्या कर्मचाऱ्याच्या मनात कदाचित एवढंच असेल की ख्रिस्ती माणसाचा शब्द इंग्रजीच असायचा. मी मराठी शाळेत शिकले. माझी प्रार्थना मराठी, माझी भजनं मराठी. माझ्या देवाच्या घराला मराठी शब्द वापरायची मुभा मला कुणी द्यावी लागते का?

'मिशन' हा शब्द त्याहून जास्त टोचतो. मिशन म्हणजे बाहेरून आलेले लोक आणि त्यांची संस्था. त्यांचे आमच्यावर उपकार आहेत, शाळा आणि दवाखाने त्यांनी काढले. पण 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, आमचं देवालय तिच्यातलंच. अँग्लिकन, आधीच एकत्र झालेले प्रेस्बिटेरियन आणि काँग्रेगेशनल, बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्टांतला एक भाग, डिसायपल्स. प्रत्येकाने पिढ्यान् पिढ्या जपलेलं आपलं नाव बाजूला ठेवलं. ती सोपी गोष्ट नव्हती. त्याआधीची वाटाघाट कित्येक वर्षं चालली होती. (महाराष्ट्रातली मंडळी 'नॉर्थ इंडिया'त कशी, असं अनेकजण विचारतात. दक्षिणेतल्या मंडळ्यांची एकी 1947 मध्येच झाली होती, म्हणून उरलेल्यांना हे नाव आलं.) ज्या लोकांनी परदेशी पंथांची नावं स्वतः उतरवून देशाचं नाव घेतलं, त्यांच्यावर सरकारी वहीत आजही 'मिशन'चा शिक्का आहे. आम्ही या मातीतले असूनही कुणाच्या तरी शाखेसारखे दिसत राहतो.

नावाचं मोल या राज्याला नव्याने सांगायला नको. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव जोडलं जाण्यासाठी 1978 पासून 1994 पर्यंत माणसांनी मार खाल्ला, घरं जळताना पाहिली, जीवही गेले. महाराष्ट्रातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांची मुळं त्याच वस्त्यांमध्ये आहेत ज्यांना शतकानुशतकं दुसऱ्यांनी ठेवलेल्या नावांनी हाक मारली गेली. स्वतःचं नाव स्वतः घेणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

हा प्रश्न फक्त आमच्या पेठेचा नाही. कुलाब्याच्या अफगाण चर्चचं खरं नाव संत योहानाचं आहे, पण अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांचं स्मारक म्हणून त्या लढाईचंच नाव त्याला चिकटलं. पुण्यात 1792 च्या सुमारास पेशव्यांनी दिलेल्या जागेवरचं देऊळ सगळे सिटी चर्च म्हणून ओळखतात, त्याचं नाव मरियामातेचं आहे. लोकांनी लोकांच्या नावाने हाक मारावी, त्यात वाईट काही नाही. 'ख्रिस्ती' हे नावसुद्धा अंत्युखिया या प्राचीन शहरात लोकांनीच आम्हाला दिलं आणि आम्ही ते आनंदाने घेतलं. पण रस्त्यावरची हाक वेगळी आणि सरकारी कागद वेगळा. कागदावर जे असतं त्यावर दाखले मिळतात, दुरुस्तीच्या परवानग्या मिळतात, जमिनीच्या नोंदी जुळतात.

म्हणून माझी विनंती अशी. आपल्या विभागाच्या याद्यांमध्ये प्रत्येक मंडळीने स्वतःच्या नोंदणीच्या कागदावर जे नाव लिहिलं आहे तेच, तिच्याच भाषेत, पूर्ण लिहिलं जावं. ओळखीचं नाव शेजारी लिहायला आमची हरकत नाही. इतर कार्यालयांनाही तसं पत्र जावं. आणि 'देवालय', 'देऊळ', 'मंडळी' हे शब्द चूक म्हणून खोडले जाऊ नयेत, एवढं एका ओळीत त्यात सांगावं. यासाठी पैसे लागत नाहीत, नवा कायदाही लागत नाही.

तीन खेपा घालूनही मी ते नाव खोडलं नाही. शेवटी दाखल्यासोबत आणखी एक पत्र जोडून काम झालं. मुलीच्या कागदावर मात्र अजून 'पंचहौद मिशन चर्च' असंच आहे. दुरुस्तीचा अर्ज मी पुन्हा दिला आहे.

आपली नम्र,
पवित्र नाम देवालयाची एक सभासद
गुरुवार पेठ, पुणे